पेटीचा दणका

माणूस कामावरून घरी आला की आधी बूट काढतो, पाणी मागतो, घरात लेकरू असलं तर हात धुऊन त्याच्या गालाला बोट लावतो. कस्तुराबाईंचा बुद्धभूषण आधी बटन दाबायचा.

आत्ताही तो उंबरा ओलांडून आला तो सरळ दाराशेजारच्या रॅककडे. पाठीला सॅक, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पायात ते लोखंडी टोकाचे बूट. चाकणहून येणारी पहिल्या शिफ्टची बस आत्ता कुठे त्याला कोपऱ्यावर सोडून गेली होती. कस्तुराबाई पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या, तोंड उघडलं, आणि शब्द बाहेर पडायच्या आत दणका बसला.

धप्प.

मांडणीवरचे पेले एकमेकांना लागले. खिडकीची काच थरथरली. खालच्या मजल्यावरच्या सुमनताईंनी नेहमीप्रमाणे लाटण्याच्या टोकानं आपल्या छताला दोन ठोके दिले.

"आरं मुडद्या," कस्तुराबाई म्हणाल्या, "घरात तान्हं लेकरू हाय. त्याचं काळीज केवढं, तुझी पेटी केवढी!"

बुद्धभूषणनं मान वळवली, पण आईकडे नाही. छताच्या कडीला श्रद्धाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, जुन्या साडीची झोळी टांगलेली होती. तो तिकडे बघत होता. झोळीत त्याची लेक अंजली जागी होती. मूठ तोंडात घालून ती वर फिरणाऱ्या पंख्याकडे टक लावून होती. त्यानं पुन्हा बटन दाबलं. पेटी धप्प करून गप्प झाली. तो तसाच मान वाकडी करून उभा. मग परत एकदा.

"झालं का दळण दळून?"

"फॉल्ट शोधतोय, आई."

"फॉल्ट पेटीत हाय, तर तिकडं काय बघतो?"

"रडते की काय, ते बघत होतो."

एवढी तरी लाज शिल्लक आहे म्हणायची, असं पुटपुटत कस्तुराबाई परातीकडे वळल्या. पण कणीक मळताना बोटं नेहमीसारखी चालेनात. तो दणका कानातून निघून जायचा आणि पोटात कुठंतरी बसून राहायचा, आणि पुढचा कधी येतो म्हणून जीव टांगलेला. गावाकडे त्यांच्या चुलत जावेचं पोर लग्नातल्या ढोलाला असंच दचकलं होतं, आणि मग त्याला फेफरं येऊन... पुढचं त्या मनातसुद्धा म्हणत नसत.

त्या काळ्या पेटीला बुद्धभूषण सबवूफर म्हणे, त्याचा भागीदार गणराज बेस म्हणे. कस्तुराबाईंच्या लेखी ती पेटीच. एरवी ती महाळुंग्याला गणराजच्या गाळ्यात असायची. कंपनीतली नोकरी सांभाळून दोघं मिळून साउंडचा जोडधंदा करत. हळदी, बारशी, जयंत्या. यंदा जयंतीचा हंगाम सरला आणि एका रविवारी बुद्धभूषण पेटी, तिचा अँप आणि मिक्सर असं सगळं रॅकसकट संत तुकाराम नगरच्या या दोन खोल्यांत घेऊन आला. चालू-बंद करताना दणका देते, दुरुस्त करतो, म्हणाला. ठेवायला जागा नव्हती म्हणून ती दिवाणाला खेटून बसवली, आणि तेव्हापासून रोज ही आरती सुरू होती. कधी म्हणे केबल बदलून बघतो, कधी म्हणे अर्थिंगचा लोच्या आहे. एवढा शिकलेला, आयटीआय केलेला गडी, आणि एक पेटी त्याला ऐकत नव्हती.

दणक्याचा त्रास नसलेला घरात एकच माणूस, कस्तुराबाईंचे यजमान किसनराव. दिवाणावर बसून ते पेपर वाचत, आणि पेटी वाजली की डोकं वर न करता म्हणत, "भूषण आला वाटतं."

त्यांची अख्खी नोकरी भोसरीच्या एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये गेली होती. पत्र्यावर पडणाऱ्या डायच्या आवाजानं त्यांचे कान हळूहळू विझत गेले आणि निवृत्तीच्या आधीच पुरते गेले. पण असं घरात कुणी म्हणत नसे. बहिरा हा शब्दच कस्तुराबाईंनी उंबऱ्याबाहेर ठेवला होता. चाळीत असताना पाण्याच्या रांगेत एकीनं त्यांना बहिऱ्याची बायको म्हणून हाक मारली, तर तिला त्यांनी अशी धुतली की त्या बाईनं नळावर यायची वेळच बदलून घेतली. "त्यांचं ध्यान नसतं," एवढंच कस्तुराबाई म्हणत. मात्र किसनरावांना कुणी तोंडानं हाक मारत नसे. दिवाणाच्या फळीवर थाप द्यायची. एक थाप म्हणजे चहा, दोन म्हणजे जेवण, आणि कस्तुराबाई भडकलेल्या असल्या की मोजदाद नसे. थाप फळीतून त्यांच्या अंगात जायची, आणि ते मान वर करायचे. श्रद्धा लग्न होऊन आली तेव्हा तिला हे कुणी शिकवलं नाही. बघून बघून ती आपणच फळीवर तळवा टेकवायला लागली.

श्रद्धा मोशीच्या एका कंपनीत बिलिंगला होती. रजा संपल्यापासून ती सकाळी जायची ते दिवेलागणीलाच यायची, आणि अंजली दिवसभर आजीची. नात पाच महिन्यांची झाली होती. "माझी नात लई धीराची," कस्तुराबाईंनी जिन्यात सुमनताईंना ऐकवलं होतं, "तुम्ही खाली लाटणं बडवता, ती वर पापणी हलवत न्हाई."

पेटी घरात यायच्या थोडं आधी एकदा श्रद्धा म्हणाली होती,

"आई, मी दारातून हाक मारते तर ही बघतच नाही माझ्याकडे."

"दिवसभर आई दिसत न्हाई, म्हणून रुसती. लेकरांचा राग तुला काय कळणार, ऑफिसातल्या बाईला."

"तसं नाही. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले होते, कानाची एकदा तपासणी..."

"आमच्या घरात कुणाच्या कानाला काय झालेलं न्हाई."

दिवाणावर किसनराव पेपरचं पान उलटत होते. श्रद्धानं एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि डबा धुवायला घेतला. बुद्धभूषण दारात वाकून बुटाची नाडी सोडत होता. ती नाडी त्या दिवशी बराच वेळ सुटली नाही.

फॉल्टचं बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी बस यायच्या सुमाराला कस्तुराबाईंनी कापसाचे दोन बोळे केले आणि अंजलीच्या कानांत अलगद बसवले. पोरीनं हूं की चूं केलं नाही. आता वाजव म्हणावं किती वाजवतो ते, असं म्हणत त्या भाजी निवडायला बसल्या.

बुद्धभूषण आला. हात बटनाकडे गेला, नजर झोळीकडे गेली, आणि हात तिथंच थांबला. बुटांसकट तो आत आला, वाकला, आणि बोळे काढून हातात धरले.

"हे कुणी घातलं?"

"मी. तुझ्या पेटीपायी."

"परत घालू नकोस."

"आरं, तिचं काळीज..."

"आई, तिच्या कानात परत काही घालायचं नाही! सांगून ठेवतो!"

इतक्या मोठ्यानं तो या घरात कधी बोलला नव्हता. कस्तुराबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. खालून सुमनताईंचं लाटणंही वाजलं नाही. त्याही कान देऊन बसल्या असणार. अंजली झोळीच्या काठाची एक सुटी दोरी दोन बोटांत धरून तिच्याशी खेळत होती. ती खेळतच राहिली.

बुद्धभूषणनं ते बोळे खिशात घातले आणि तोंड धुवायला गेला. नळ बराच वेळ वाहत होता.

मेथी राहिली बाजूला. कस्तुराबाई एकेक गोष्ट आठवायला लागल्या. पोराचं वागणं सरळ नव्हतं. मागच्या आठवड्यातलीच गोष्ट. अंजली आजोबांच्या बाजूला दिवाणावर पडलेली होती. दणका बसला तशी तिनं दोन्ही हात फेकले आणि भोकाड पसरलं. त्या लाटणं घेऊन धावत आल्या, तर हा बाप रॅकजवळ उभा राहून हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. संध्याकाळी खाली जाऊन जिलबी घेऊन आला. कशाची म्हणून विचारलं, तर म्हणे, "सहज." स्वतःच्या हातानं त्यानं सगळ्यांना भरवली. आणि दुसऱ्या दिवशी पोर झोळीत होती, पेटी वाजली, आणि याचं तोंड असं उतरलं की उरलेल्या जिलबीला त्यानं हातसुद्धा लावला नाही.

कंपनीतून काढलं का याला? कर्ज काढून बसलाय? की डोक्यावर परिणाम झाला? पिंपरीत अशी पोरं त्यांनी पाहिली होती. धडधाकट, नोकरीला जाणारी, आणि एक दिवस बस स्टॉपवर उभी राहून स्वतःशीच बोलणारी. त्यांनी मेथीची मुळं कापता कापता चांगली पानंही कापून टाकली.

शनिवारी सकाळी दुसऱ्या शिफ्टला जायच्या आधी गणराज आला. तो मूळचा परभणीकडचा, महाळुंग्यात बायकोपोरांसह राहणारा, बोलण्यात गुळचट आणि खाण्यात दांडगा. बुद्धभूषण पहाटेच कामावर गेला होता, श्रद्धाही गेली होती.

"जय भीम, मावशी. भूषणचा फोन लागंना. उद्या चाकणला हळद हाय, बेस पाहिजे मला. गडी रोज म्हणायलाय, फॉल्ट हाय, फॉल्ट हाय. म्हणलं स्वतः बघावं."

"बघ बाबा. आन् जमलं तर घेऊनच जा. ह्या पेटीनं माझं निम्मं रगत आटवलं."

गणराजनं रॅकच्या मागं मोबाइलची बत्ती धरली, तारा हलवून बघितल्या, एक पिन काढून फुंकर मारून परत बसवली. मग त्यानं एक बटन दाबलं, थोडा थांबला, मग दुसरं दाबलं. कस्तुराबाईंनी डोळे मिटून खांदे आवळले होते.

काही झालं नाही. बारीक हिरवे दिवे लागले, एवढंच.

"उघडा डोळे. ह्यात काहीच फॉल्ट न्हाई की वो."

"मग दणका काय माझ्या माहेरावरनं येतो?"

"थांबा, बंद करून दावतो." त्यानं उलट क्रमानं बटनं दाबली. पेटी मांजरीसारखी गप्प झोपली. "हे बघा मावशी. हा मिक्सर, आवाज ह्याच्यातून निघतो. हा खालचा अँप, तो आवाजाला ताकद देतो. आधी मिक्सर चालू करायचा, अँप सगळ्यात शेवटी. बंद करताना अँप सगळ्यात आधी. असं केलं की आवाज न्हाई काही न्हाई. उलटं केलं, अँप जागा असताना मिक्सरला झटका दिला, तर तो झटका मोठा होऊन पेटीत जातो. तोच तुमचा दणका."

"एवढंच?"

"एवढंच की."

"आन् हे माझ्या भूषणला ठावं न्हाई?"

गणराज पोट धरून हसला. "भूषणला? अवो, त्यानंच शिकवलं मला! मी नवा होतो, मोशीच्या एका बारशात माझ्या हातून असाच दणका गेला. ह्यानं चारचौघांत माझी अशी काढली म्हणता! 'मिक्सरला आधी उठू दे, त्याचे आळोखेपिळोखे होऊ देत, मग अँपला उठव. स्पीकरचा पडदा काय तुझ्या सासऱ्यानं दिलाय?' लई बोलला. भूषण झोपेत बी बटन चुकायचा न्हाई, मावशी. मुद्दाम केलं तरच."

कस्तुराबाईंच्या हातात चहाचा कप होता, तो त्यांनी गणराजला द्यायचा सोडून स्वतःच्याच तोंडाला लावला.

"मग नेऊ का? टेम्पो सांगतो."

"आत्ता नको. संध्याकाळी धाड कुणाला तरी." त्या जरा थांबल्या. "आन् मला दाव. उलटं कसं करायचं ते."

"तुम्हाला कशाला दणका पाहिजे?"

"खालच्या सुमनबाईला भेटवायचाय. दाव म्हणते ना."

तो हसत हसत दाखवून गेला. कस्तुराबाई दुसरीपर्यंत शाळेत गेलेल्या. अँपवर काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं. खालचं मोठं बटन आधी, वरचं लाल मागून, एवढं त्यांनी बोट ठेवून ठेवून ध्यानात घेतलं.

दार लावून त्या परत आल्या तेव्हा घर नेहमीसारखंच होतं. किसनराव खिडकीशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत पेपर घेऊन, अंजली झोळीत. पंखा फिरत होता. कस्तुराबाई रॅकजवळ उभ्या राहिल्या. बुद्धभूषण उभा राहायचा तिथंच, तशाच. खालचं बटन दाबलं. मग वरचं. आणि पहिल्यांदाच पेटीकडे न बघता त्यांनी झोळीकडे बघितलं.

धप्प.

पेले किणकिणले. अंजलीची मूठ तोंडात होती, ती तोंडातच राहिली. डोळे पंख्यावर.

त्यांनी तिला उचललं. काही झालेलं नाही, असं तिला सांगत दिवाणावर गोधडी अंथरली आणि तिच्यावर तिला निजवलं. परत बटनाशी आल्या.

धप्प.

अंजलीचे दोन्ही हात वर उडाले, बोटं फाकली. ओठ वाकडा झाला. कस्तुराबाईंच्या तोंडून "हां!" निघालं. मोठा श्वास सोडून त्या दोन पावलं पुढं आल्या. आणि मग त्यांची नजर खाली गेली. दिवाणाची फळी पेटीच्या लाकडाला चिकटलेली होती. मध्ये बोट जायला जागा नव्हती.

या फळीवर त्यांनी किती वर्षं थापा मारल्या होत्या! थाप मारली की माणूस वळून बघतो. बघणाऱ्याला वाटतं, ऐकू आलं.

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि परात आणि पळी घेऊन आल्या. अंजलीला परत झोळीत ठेवलं. ती हुंदके देत होती, झोका दिल्यावर शांत झाली. तिच्या डोक्यामागं उभं राहून, सावली पडणार नाही अशा बेतानं, त्यांनी परातीवर पळी हाणली. मग आणखी जोरानं. मग जिवाच्या आकांतानं. "अंजे! अगं अंजे! बयो!"

खालून सुमनताईंचं लाटणं वाजायला लागलं. जिन्यात कुणीतरी दार उघडून विचारलं, काय झालं हो. समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालायची थांबून इकडे बघायला लागली. आणि या खोलीत एक म्हातारा शांतपणे पेपर वाचत होता, आणि एक लेकरू पंख्याकडे बघत मूठ चोखत होतं. दोघांनीही मान वळवली नाही.

कस्तुराबाईंनी परात जमिनीवर ठेवली. आवाज होऊ नये अशी, हळू.

पान उलटायला म्हणून किसनरावांनी डोकं वर केलं, तेव्हा त्यांना बायको जमिनीवर बसलेली दिसली. पुढ्यात परात, हातात पळी. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग पेटीच्या दिव्यांकडे, मग झोळीकडे. पेपरची घडी घालून ते उठले. झोळीजवळ येऊन त्यांनी अंजलीच्या डोक्यामागं चुटकी वाजवली. आपल्याला तो आवाज येत नाही हे ठाऊक असूनही ती दोनदा वाजवली.

"माझ्यावाणी?" ते म्हणाले. ऐकू न येणाऱ्या माणसाच्या त्या बेताल, मोठ्या आवाजात.

इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट कस्तुराबाईंनी त्यांच्या तोंडावर कधी कबूल केली नव्हती. डॉक्टरपुढं नाही, सासूपुढं नाही, त्यांच्यापुढं तर नाहीच. आता त्यांनी होकारार्थी मान हलवली.

किसनराव तिच्याजवळ आले. खाली वाकून त्यांनी बायकोच्या हातातली पळी काढून घेतली आणि आत नेऊन ठेवली.

ऊन भिंतीवरून उतरून दाराशी आलं तेव्हा बुद्धभूषण आला. सॅक, ओळखपत्र, बूट. हात रॅककडे गेला.

"राहू दे," कस्तुराबाई म्हणाल्या. त्या झोळीखाली बसून होत्या. "आज मीच वाजवून बघितली."

"काय?"

"गणराज आलता. पेटीला काय झालेलं न्हाई."

तो तिथंच उंबऱ्यावर बसला. एक बूट काढला. दुसऱ्याची नाडी बोटांत धरून राहिला.

"आई, अजून नक्की नाही काही. त्या दिवशी दचकली होती ती. तू स्वतः बघितलंस."

"दिवाणावर व्हती."

"हो, पण..."

"भूषण, दिवाण पेटीला चिकटलाय."

"माहितीय," तो म्हणाला. "त्याच रात्री लक्षात आलं. तरी वाटायचं, आज ऐकेल. बसमध्ये रोज वाटतं, आज नक्की दचकेल. आवाज वाढवून बघितला, पेटीचं तोंड तिकडं करून बघितलं. उद्या बघू, उद्या बघू म्हणत..." नाडी त्याच्या बोटाभोवती गुंडाळली गेली होती, बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

"श्रद्धाला?"

"नाही सांगितलं. तिनं एकदा विषय काढला होता, त्यानंतर ती पण बोलली नाही. मला वाटतं, तिलाही कळलंय. रात्री सगळे झोपल्यावर अंजलीच्या कानाशी टाळी वाजवून बघते. मी झोपेचं सोंग घेतो."

"मग पोरीला दवाखान्यात का न्हाई नेलंस?"

बुद्धभूषणनं आईकडे बघितलं. मग त्यानं नजर खाली केली आणि दुसरा बूट काढायला लागला.

किसनराव दिवाणावर बसून एकदा बायकोच्या ओठांकडे, एकदा मुलाच्या ओठांकडे बघत होते. कस्तुराबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. झोळीची गाठ पक्की होती, तरी त्यांनी ती ओढून बघितली. परत ओढून बघितली. अंजलीला उचलून त्यांनी खांद्यावर घेतलं, पदर नीट केला. पोरगी आजीच्या मानेत तोंड खुपसून तिथली पोत चघळायला लागली. कस्तुराबाई चालत मुलापुढं येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता. सुमनताईंना खाली ऐकू जाईल असा.

"एवढा बाप्या झालास, लेकीचा बाप झालास, आन् आईच्या तोंडाला भ्यालास. आईच्या एका शब्दापायी पोरीचे दिवस वाया घालवलेस. तुझ्यासारखा भित्रा माणूस मी उभ्या जन्मात बघितला न्हाई, बुद्धभूषण. सोमवारी सुट्टी टाक. डॉक्टरपुढं मी बोलीन, माझी नात बहिरी हाय म्हणून. तू नुस्ती गाडी चालव."